थंड झाली की चालू होते

निधीचे बाबा,

भाकरी अन् ठेचा झाकून ठेवला आहे, खाऊन घ्या. गाडीची चावी शोधू नोका, ते माह्यापाशी आहे. मी निधीले घेऊन एसटीनं अकोल्याले चालली, इंजिनचा नवा सेन्सर आणाले. सेमाडोहच्या भाड्यावाल्या पार्टीले फोन करून सांगा, आज गाडी येत नाही म्हणून.

काल घाटात चढावर गाडी बंद पडली अन् मांगं घरंगळली, तवा तुमी म्हणाले, "काई नाई, तापली. थंड झाली की चालू होते." झाली बी. पण घरी आल्यावर मी बंडूभाऊ मिस्त्रीले फोन केला. ते म्हणे, वहिनी, सेन्सर खराब झाला. त्याच्यावर कवा बिघडन याची काई तारीख लिहून नसते. कोणता लाखभर किलोमीटर चालते, कोणता दोन लाख. पण तापल्यावर बंद अन् थंड झाल्यावर चालू, असं एकदा जरी झालं तरी लगेच बदला लागते.

एकदा म्हणे!

काल घाटात तुमी सीटखालून फडकं काढलं, भिजोलं, अन् न शोधता बरोबर त्या सेन्सरवर दाबलं. गाडी चालू झाली तशी निधी टाळ्या वाजवून राहिली होती. मी त्या फडक्याकडं पाहून राहिली होती. माह्या मायनं निधीच्या बारशाले शिवलेलं दुपटं आहे ते. दिवाळीपासून मी ते घरभर शोधून राहिली.

अन् तुमी बी माह्यासंगं शोधू लागले होते.

कुंदा