इंग्रज बाईची बंद पानं

३ नोव्हेंबर २००९, मंगळवार

यांचं पुस्तकांचं कपाट उघडायला मिळालं! लग्नानंतर पहिल्यांदा. येत्या पंधरा तारखेला ती इंग्रज बाई साकोलीच्या वाचनालयात जाणार — म्हणजे तिच्या पुस्तकांचे आठ जाडजूड भाग हे भेट देणार. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची बाई, देवाधर्माच्या कविता अन् नाटकं लिहिणारी. हे कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले, त्या वर्षी नागपूरच्या लिलावातून आणले होते. तेव्हापासून पाहुणा आला की कपाटाकडे बोट. "पुरे वाचले मी. एक पान सोडलं नाही."

वाचनालयाचे भय्याजी सत्कार करणार आहेत. यांचा नवा सदरा शिवून आला. मला हुकूम — "बुकं पुसून ठेव. पण हळू!"

पुसायला घेतले अन् हात थांबला. पानं वरून जोडलेली. एकेक पाकीटच! वाटलं, छापखान्याची चूक. मग पहिला भाग पाहिला. सुरुवातीची थोडी पानं सुरीनं नीट कापलेली, त्यात यांच्या पेन्सिलीच्या खुणा. पुढं सगळं बंद. जुनी पुस्तकं अशीच येत असतील, वाचणाऱ्यानं कापत जायची. यांनी कापलीच नाहीत. म्हणजे वाचलीच नाहीत!

४ नोव्हेंबर

हसू येतं, अन् धास्तीही वाटते. भर सभेत भय्याजींनी एखादा भाग उघडला तर? समोर यांचेच जुने विद्यार्थी बसलेले असणार. या माणसाची सगळी शान त्या कपाटात आहे. तीही जायची? मी नाही जाऊ देणार.

५ नोव्हेंबर

हे दुपारी जेवून लवंडले की बसते कापायला. धारेची सुरी वेडीवाकडी जाते, बोथट बरोब्बर. कोष्ट्याची लेक आहे मी, रेशमाच्या कोशाचा धागा न तोडता ओढायची सवय आहे. दोन भाग झाले.

७ नोव्हेंबर, शनिवार

आज चौथ्या भागात अडकले. कापता कापता नजर पडली — नाटक आहे. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, तेही गंजलेलं. तरी थोडं लागलं. एका म्हाताऱ्याला राजानं तुरुंगात टाकलंय. राजा त्याच्या पोरीला म्हणतो, तुझा देव सोड, तुझा बाप सोडतो. पोरगी काय करते ते कळेना. शब्द फार अवघड. बाई भारी देवभोळी, दोन ओळी झाल्या की आभाळाकडे बघते. पण बापलेकीचं बोलणं असं लिहिलंय — रडूच आलं मला! तिकडे संध्याकाळची डाळ खाली लागली.

८ नोव्हेंबर

डाळीची बोलणी खाल्ली. राजामुळे.

९ नोव्हेंबर, सोमवार

घात झाला. यांनी कपाटातून दुसरा भाग काढला, चाळला. पानाच्या कडेला माझ्या बोटाची हळद! पिवळीधम्मक. मी दारातून बघत होते. वाटलं, आता ओरडतील. पण नाही. पुस्तक ठेवलं, चष्मा पुसला, ओसरीत जाऊन बसले. जेवतानाही मान खाली.

फार जीव तुटला. झाकायला गेले, अन् मीच त्यांना त्यांच्या घरात उघडं पाडलं.

१० नोव्हेंबर

सकाळी गॅसच्या बाजूला यांची जाड डिक्शनरी. जिला कुणाला हात लावू देत नाहीत, तीच!

"इथं काहून ठेवली?"

"मले काय मालूम." पेपरातून तोंड न काढता.

थोड्या वेळानं म्हणाले, "त्या बाईचं इंग्रजी लय कठीण आहे. मलेही नव्हतं जमलं."

इतकंच. मी वांगी चिरत राहिले. इतक्या वर्षांत हे मला कधी इतके आवडले नव्हते.

१३ नोव्हेंबर

रोज थोडं वाचते. पोरगी तुरुंगात बापाजवळ येऊन बसलीय — निरोप घ्यायला की सोडवायला, अजून कळलं नाही. अन् परवा बाई चालली! यांना म्हटलं, "आणखी महिनाभर राहिली असती तर!" हे नुसतं हूं म्हणाले. जाऊ दे. पानं सगळी कापून झाली, यांची शान राहिली, पुरे.

१५ नोव्हेंबर, रविवार

भय्याजींनी स्टेजवर भाग मोजले. सातच! मीही बसल्या जागी मोजले.

"मोतीलाल सर, एक घरीच राहिला वाटते."

हे माईकसमोर उभे राहिले. नव्या सदऱ्यात. म्हणाले, "राहिला नाही, ठेवला. चौथा भाग. हे बुकं मी कधी वाचलेच नाही. पानं जानकीनं कापली. जानकी वाचून राहिली. तिचं झालं का मीच आणून देतो."

चारचौघांत माझं नाव घेतलं. पहिल्यांदा. लोक काय बोलले, टाळ्या वाजल्या की नाही, मला काही आठवत नाही.

घरी आलो. चपला काढायच्या आधीच हे म्हणाले, "मंग? त्या पोरीनं काय केलं?"