बांधापलीकडचा खांब

मी भुजंग रामराव लहाने, वय अडुसष्ट, हवाई दलातून निवृत्त उपकरण-कारागीर, राहणार मस्तगड, जालना, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. म्हातारा दिवसभर कॉम्प्युटरात विमान उडवायचा म्हणून उद्या कोणी शंका काढील, तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. मस्तगडचे घर पत्नी सगुणाबाई हिला. तिच्या हयातीत तिला कोणीही "सामान आवरा" म्हणू नये.

२. अंतरवाली सराटीचे माझ्या हिश्श्याचे चार एकर, पेचकसांची पेटी आणि कॉम्प्युटर मुलगी इंद्रायणी हिला. कॉम्प्युटरातल्या विमानाच्या खेळासाठी मी बनवलेला दिशादर्शक काटा त्यात आहे. जमिनीवरचा रेडिओ खांब कुठे आहे ते तो दाखवतो, म्हणजे ढगातही वाट कळते. विकतच्या खेळातला काटा मुडद्यासारखा निश्चल असायचा. मी एकोणतीस वर्षे खरे काटे उघडले आहेत. खरा काटा थरथरतो, वळताना मागे राहतो, वीज चमकली की खांब सोडून तिच्याकडेच बघतो. हे सगळे जमवायला चार वर्षे गेली. कोणी मागितला तर फुकट द्यावा, पण त्याची थरथर काढू देऊ नये. विजेत त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे शिकण्यासाठीच तो आहे.

३. थोरले बंधू अप्पाराव यांना मी काहीही देत नाही. कारण लिहितो.

काटा तपासायला खांब हवा, म्हणून मी कॉम्प्युटरातल्या नकाशात आपल्याच शेतात एक खांब रोवला. विहीर, लिंब, बांध, सगळे काढले. जागेचा आकडा टाकताना चुकलो आणि खांब बांधापलीकडे दादाच्या वावरात पडला. दिवाळीला ते घरी आल्ते, तेव्हा कौतुकाने दाखवले.

"सातबाराबी आता कॉम्प्युटरातच चालला, भुजंगा," दादा म्हणाले. "आज खांब रोवला, उद्या वावर घेशील. काढ तो!"

मी हसलो. चार माणसांत, पोट धरून हसलो. तिथेच माझे चुकले. दादा ताटावरून उठले आणि तीन वर्षे माझा उंबरा चढले नाहीत.

आकडा बदलायला दोन मिनिटे पुरतात. मी बदलला नाही. म्हटलं, मोठ्यानं आधी बोलावं. हट्ट, दुसरं काय! आता डॉक्टर म्हणतात, दिवाळी निघणार न्हाई. दादाची लई याद येऊन राह्यली, हे तोंडाने सांगवत नाही म्हणून इथे लिहितो.

वकील म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून दादाला काही दिले नाही. साक्षीला यावे, असा निरोप धाडला आहे. सोमवारी अकरापर्यंत वाट पाहीन. न आल्यास त्यांच्या जागी शेजारचे कचरू सही करतील. खांबाचे काय करायचे ते दादा सांगतील, तसे इंद्रायणीने करावे.

ठिकाण: जालना
दिनांक: १२ सप्टेंबर २००५, सोमवार

लिहून ठेवणार: भुजंग रामराव लहाने (सही)

साक्षीदार १: देवानंद धुळाजी काळे, शेजारी (सही)

साक्षीदार २: अप्पाराव रामराव लहाने (सही). सकाळी सातलाच आलो. सगळं वाचलं. खांब राहू दे तिथंच, माझ्याच वावरात. पन निरोप कशाला धाडला रे, एक हाक मारायची.