बाकड्याची तुझी बाजू

प्रिय त्रिशला,

‘प्रिय’ लिहिलंय. राग आला तर खोडून टाक, पण पुढचं वाच.

मी आता मंगरूळपीरच्या एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडत असतो. कॉलेज सोडलं ते सोडलंच. बाबूसिंगचा पोरगा साहेब होणार होता, असं तांड्यावर अजून कोणी म्हणालं की मी उठून जातो. आधी भांडायचो.

गेल्या आठवड्यात एका साखरपुड्याचं काम आलं. नवरदेव मस्कतला अडकलेला. त्यानं तिकडून खुर्चीवर बसून व्हिडिओ पाठवला, मी तो नवरीच्या शेजारी बसवला. स्क्रीनचे दोन भाग करायचे, मधली रेघ पुसायची, झालं. नवरीची आजी धुरपताबाई बघायला आली होती. तिनं टीव्हीसमोर कानशिलावर बोटं मोडली अन् म्हणाली, “कसा शोभून राह्यला जोडा! कवा आला व जावई?” सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी लॅपटॉप बंद केला.

आपलंही असंच होतं. वाचनालयामागच्या सिमेंटच्या बाकड्यावर तू माझ्या बाजूला कधीच बसली नाहीस. “लोक बघतात रे,” म्हणायचीस. म्हणून मीच ती शक्कल काढली. समोरच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर फोन कुठं टेकवायचा त्याची खडूनं खूण केली. गुरुवारी सकाळी तू एकटी येऊन डाव्या टोकाला बसलीस. रिकाम्या जागेकडं बघून बोललीस, हसलीस, मधे मधे माझ्यासाठी थांबलीस, अन् तुझी बाजू मला पाठवून दिलीस. शुक्रवारी दुपारी मी उजव्या टोकाला बसलो. दोन दिवस घालवून जोड असा मिळवला की माझाच विश्वास बसला. “कोणाला दाखवलंस तर बघ,” असं तू बजावलं होतंस.

दाखवला मी. तुझी परीक्षा होती, चार दिवस तू एक शब्द बोलली नव्हतीस, अन् माझं डोकं तापलेलं. अर्धाच तास स्टेटसला ठेवला, तेवढ्यात गावभर झाला. दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ पुनीत कॉलेजच्या गेटवर आला. बिचाऱ्यानं शांतपणेच विचारलं, “करण, ती म्हणते हे जोडलेलं आहे. खरं का?” जोडलेलंच आहे, एवढं म्हणायचं होतं. पण मागून माझ्या वर्गातला अमरदीप खिदळला, “याच्या बाजूले कोण बसन बे? मोबाइलातलीच बसन!” मी पुनीतला म्हणालो, “बसली होती. रोजच बसते. काय करतं ते करून घे.” मग अमरदीपचं नाक फोडलं. माझं कॉलेज सुटलं, तुला जालन्याला मामाकडं धाडलं. चौदा महिने झाले. तू खरं सांगत होतीस, अन् तुझ्याच घरात तुझं कोणी ऐकलं नाही.

अजून एक आहे. व्हिडिओत मी विचारतो, “माझ्यासोबत येशील?” अन् तू म्हणतेस, “हो.” तुमच्या घरात आग लावली ती त्यानंच. तुला वाटलं असेल, हे मी कधी म्हणाले? म्हणालीच नव्हतीस. फोन चालू करून बसताना तू स्वतःशी म्हणाली होतीस, “हो, सुरू झालं.” त्यातला ‘हो’ कापून मी माझ्या प्रश्नामागं लावला. वाटलं, तू कधीतरी खरंच म्हणशील, तोवर हा राहू दे.

परवा लॅपटॉप घेऊन तुमच्या कापडाच्या दुकानात गेलो. तुझ्या पप्पांनी, हुकूमचंदशेठनी, हाकललं नाही. गिऱ्हाईक उठेस्तोवर बसवून ठेवलं, मग म्हणाले, “जोड कुठे आहे, दाखव.” मी दाखवायच्या आधीच त्यांचं बोट काचेवर नेमकं मधोमध थांबलं. “दोघांच्या सावल्या उलट्या पडल्यात,” म्हणाले. “जन्मभर कापड पारखलं मी, अन् हे पाहिलं नाही.” मी माझी बाजू बंद केली. अर्धी स्क्रीन काळी झाली, अर्ध्या बाकड्यावर तू एकटी. तो ‘हो’ त्याच्या मूळ जागी ठेवून ऐकवला. तुझी आई, हीराबाई काकू, आतून येऊन उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. शेठनी तुझी बाजू तीनदा पाहिली. मग मला म्हणाले, “तुझी बाजू खोडून टाक.” त्यांच्यासमोरच टाकली.

मी म्हणालो, हे सगळं सांगणारा व्हिडिओ करून त्रिशलाला पाठवतो. ते म्हणाले, “व्हिडिओ नको. तुझ्या व्हिडिओवर आता कोण विश्वास ठेवील? हातानं लिही, खाली पूर्ण नाव घाल.” म्हणून हे पत्र. रविवारी ते स्वतः तुला आणायला येतील. तुझ्याशी बोलायला त्यांना तोंड नाही, आधी हा कागदच पुढं करतील. त्यांच्यावर रुसून तिथंच राहू नको. घरी ये, परीक्षेचा फॉर्म भर. तेही हे वाचणार आहेत, तरी एवढं लिहितो: माझ्यासोबत येशील का, हे मी तुला खरोखर कधी विचारलंच नाही. रिकाम्या बाकड्याला विचारलं होतं. आता विचारत नाही.

काही न मागता, तुझाच,
करण बाबूसिंग राठोड
आसेगाव