निळ्या स्फटिकाची चुळबुळ

प्रिय थंडोबा,

हे नाव मीच तुला ठेवलं होतं, तीस वर्षांनीही दुसरं सुचत नाही. सत्काराचा फोटो पाहिला. पोट सुटलंय, ऐट मात्र तीच! निरपेक्ष शून्य तापमानाच्या उंबरठ्यावरही ज्याचे रेणू चुळबुळतात, त्या निळ्या स्फटिकाने तुझं भलं केलं. पाठ्यपुस्तकात गेलास की रे.

तो निकाल आला त्या सकाळी तू प्रयोगशाळेच्या संचालकांना माझी ओळख करून दिलीस, “ही आमची हीलियम भरणारी.” तीन वर्षं तुझ्याबरोबर राबले, हीलियमच्या गार नळ्यांना चिकटून बोटांची सालटी निघाली, आणि शोधनिबंधावर नाव तुझ्या एकट्याचं. आपलं लग्न ठरलंय असं मी घरी सांगून बसले होते, तेही तुला ठाऊक होतं. अंगाचा तिळपापड झाला, पण मी हसले.

मग तुम्ही खाली फोटो काढायला गेलात आणि यंत्र उघडायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. झाकण काढलं, तर स्फटिक तांब्याच्या पट्टीवर नव्हताच. गार होताना त्याला धरणारा गोंद तडकला होता आणि स्फटिक वरून येणाऱ्या उबदार नळीला टेकून पडला होता. थर्मामीटर पट्टीला चिकटवलेला, म्हणजे आकडा पट्टीच्या थंडीचा. स्फटिक उबेत होता, चुळबुळणारच! मी तो गुपचूप परत जागेवर बसवला. तुला सांगायला दोन जिने उतरायचे होते. नाही उतरले. वाटलं, वर्षभरात आपटशील. पण इतरांना प्रयोग जमेना, तेव्हा तू त्यांच्याच हातांना नावं ठेवलीस, आणि लोकांनी ऐकून घेतलं.

तुझी लेक गेल्या वर्षी माझ्याकडे संशोधनाला आली. आडनाव पाहूनच घेतली. गुणी पोर, बाबांचं कौतुक करताना थकत नाही. तिला विषय मीच दिला: तुझाच प्रयोग, फक्त थर्मामीटर थेट स्फटिकावर. तिचा स्फटिक तुझ्या आकड्याला पोचायच्या कितीतरी आधीच गपगार झाला. आपलंच चुकलं असेल म्हणून तिने प्रयोग तीनदा केला, काल रडली. “तुझं काहीच चुकलेलं नाही,” एवढंच मी तिला म्हटलं. बाकी सांगणार नाही. शनिवारी ती वही घेऊन तुझ्याकडे येतेय. तिला खरं सांग, नाहीतर तिच्याही हातांना नावं ठेव. “मला माहीतच नव्हतं,” असं तिला म्हणायची सोय तुला राहू नये, म्हणून हे पत्र.

तुझीच,
तुझ्या लेकीची मॅडम