पहिली

१२ जानेवारी

पुन्हा शाल! कपाटात जागा नाही आता. कोर्टाने नेमलेली जिल्ह्यातली पहिली कर्णबधिर महिला दुभाषी म्हणून आज लातूरला माझा सत्कार. व्यंकटराव साहेबांनी स्वतः मला शाल पांघरवली, नारळ दिला, फोटोवाल्याकडे मान वळवून हसले. फोटो निघेपर्यंत हात माझ्या खांद्यावर. मग भाषण. मी ओठ वाचत होते — 'जिद्द', 'बिचारी', 'मात'. मात कुणावर केली मी? आठव्या वर्षी तापात कान गेले ते गेलेच!

पण कुरकुर कशाला. कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा याच माणसाने आपल्या मूकबधिर शाळेत मला नोकरी दिली. आईने आजच्या फोटोसाठी भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवलाय.

महामाया आली होती. माझी शाळेपासूनची मैत्रीण, माझ्यासारखीच बहिरी. आता साहेबांच्या शिवणकेंद्रात राहते, तिथल्या मुलींवर देखरेख करते. टाळ्या म्हणून आम्ही दोन्ही हात वर करून हलवतो. सगळ्यांनी हलवले, हिने नाही. हात पदरात गुंडाळलेले. थंडी वाजत असेल.

१९ जानेवारी

निलंग्याला जाऊन आले. तनुजाची केस. बावीस वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. वर्षभर शिवणकेंद्रात होती. दिवाळीला गावी आली ती हात थांबवूनच — म्हणजे आमच्यात मुकी होऊन. तिच्यावर काय गुदरलंय हे तिच्या आईला, तुळजाबाईला, कळायला बरेच दिवस लागले.

कोणी केलं ते आता तनुजा सांगते. कुणाला समजत नाही, एवढंच! पोलिसांनी आधी दुभाषी म्हणून मृत्युंजय सरांना नेलं. ते ऐकणारे, खुणा वर्गात बसून शिकलेले. तनुजा दोन्ही हातांनी खांद्यावर काहीतरी पांघरते. सरांनी अर्थ लावला — घोंगडी. गावात घोंगडी घेऊन हिंडणारा निवृत्ती, मेंढ्या राखतो. त्यालाच उचलला. अजून आतच आहे.

तुळजाबाई माझा हात सोडेना. मला ओठ दिसावेत म्हणून सावकाश बोलली, "ताई, निवरती न्हाई वं. त्याचा फोटू दावला की पोरगी मान हलवती, न्हाई न्हाई करती. पन ऐकतंय कोन?"

२३ जानेवारी

न्यायाधीश मॅडमसमोर जबाब. मी दुभाषी.

तनुजाने तीच खूण केली. मृत्युंजय सर हातच बघत बसले असणार. आमची निम्मी भाषा चेहऱ्यावर असते, हे ऐकणाऱ्यांना कितीही सांगा! तिने माझ्या खांद्यांवर काहीतरी पांघरलं. मग मान बाजूला वळवली. समोर कुणी नव्हतं, तरी हसली. हसू तसंच धरून ठेवलं, आणि हात माझ्या खांद्यावर.

ती घोंगडी नव्हे. ते पांघरूणही नव्हे. ते नाव आहे! आम्ही माणसाला त्याच्या लकबीवरून नाव देतो. आमच्या शाळेत साहेबांची खूण चष्म्याची आहे. केंद्रातल्या मुलींनी ही ठेवलेली दिसते.

मी हात खाली घेतले. बरं वाटत नाही म्हणाले. तीसची तारीख मिळाली.

२४ जानेवारी

आई जेव म्हणाली. जेवले नाही.

२७ जानेवारी

महामायाला व्हिडिओ कॉल केला. विचारलं, केंद्रात साहेबांची खूण काय? कॉल बंद. मग मेसेज — 'केंद्र बंद पडलं तर मुली कुठे जातील? कुणाचा बाप घेतो त्यांना परत? हे उकरू नकोस.'

राग आला. पगार मिळतोय, खोली मिळालीये, हिचं काय जातंय! मैत्रीण म्हणे.

आईला सगळं सांगितलं. तिने आधी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्येनं तुला भाकर दिली. आता तूच बघ बाई." तिचा चेहरा एवढासा झाला होता.

मला भीती वाटते. लिहून टाकते — खूप भीती वाटते. पण त्या निवृत्तीचं काय? आणि ती पोर अजून किती वेळा तेच तेच हातांनी सांगत बसणार?

३० जानेवारी

सांगितलं.

दुभाष्याने पदरचं काही घालायचं नसतं. साहेबांचं नाव मी घेतलं नाही. जाड्याभरड्या माझ्या आवाजात म्हणाले, "ही वस्तूची खूण नाही, माणसाचं नाव आहे. दुसऱ्याला शाल पांघरवून फोटो काढून घेणारा." मॅडमनी मला दोनदा म्हणायला लावलं. पेन थांबलं त्यांचं.

मग टेबलावर बरेच फोटो मांडले. निवृत्तीचाही होता. तनुजाने सगळे पाहिले आणि एका चष्म्यावर बोट ठेवलं. बोट उचलेना.

बाहेर तुळजाबाई मटकन खाली बसली. ओठ थरथरत होते, तरी वाचता आलं. "आमीच नेऊन सोडलं वं तिला तिथं. हातानं नेऊन सोडलं."

६ फेब्रुवारी

निवृत्ती सुटला. तो आत असताना घरच्यांनी मेंढ्या विकल्या. आता हिंडायचं कशासाठी!

साहेबांच्या छातीत दुखतंय. दवाखान्यात पडून आहेत, अटक नाही. मला शाळेतून निरोप — उद्यापासून येऊ नका. वर्गातल्या पोरांना भेटूही दिलं नाही. सरकारी वकील म्हणतो, एकट्या अडाणी पोरीची खूण, तिचा अर्थही तुम्ही लावलेला. दुसरी कुणी उभी राहिली नाही तर साहेब सहज सुटतील.

केंद्रातल्या एकीनेही तोंड उघडलेलं नाही. महामायाने तर माझा नंबरच ब्लॉक केलाय. कुणीतरी दारावर शेण फेकलं. आईने पाणी मारून धुतलं, आत आली, फोटो उतरवला आणि पक्कड घेऊन खिळाही उपटला. भिंतीत भोक राहिलंय.

हरलो बहुतेक.

९ फेब्रुवारी

सकाळी दारात महामाया. काखेत सत्काराची जुनी शाल, घडीवर पिवळी पडलेली. ती माझ्या पायाशी टाकली.

मग तिने खूण केली. खांद्यावर पांघरणं, मान वळवून हसू. ते हसू तिला धरून ठेवता येईना.

मग स्वतःच्या छातीवर बोट. मग तेच बोट वर — एक.

पहिली.