दोन रांगांतला एकच नंबर

मांडवी, रत्नागिरी
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

बरा असशील असं धरून चालते, कारण फोनवर विचारलं की तू "हं" एवढंच पाठवतोस. म्हणून कागद घेतला. चिमामावशी उद्या लेकीकडे, तुझ्या जयगडला निघाली आहे, तिच्या हाती देते. हातांचं इंजिनाचं ग्रीस पुसून वाच.

आईचा गुडघा थंडीत थोडा धरतो, बाकी ठीक. बाबा रोज सकाळी जेट्टीपर्यंत चालून येतात आणि कोण कोण भेटलं ते सांगतात. मागच्या कलमाला यंदा मोहोर चांगला आहे. तुडतुडा नाही पडला म्हणजे झालं.

मी सध्या काय करते आहे ते तुला सांगायचं टाळत होते. कंपनीने मला व्हर्च्युअल डिस्कचा ड्रायव्हर दिला आहे. त्यात एकाऐवजी अनेक रांगा घालायच्या. आईने विचारलं, म्हणजे नक्की काय गो? तिला सांगितलं, एका मोठ्या मशीनच्या पोटात अनेक लहान, नुसती भासणारी मशीन चालतात. प्रत्येकाला वाटतं, आपली स्वतःची डिस्क आहे. ती नसतेच. 'हे लिही', 'ते वाच' असे निरोप ड्रायव्हर मोठ्या मशीनकडे पोचवतो. आतापर्यंत सगळे निरोप एकाच रांगेतून जात होते, आता प्रत्येक प्रोसेसरला आपली रांग मिळेल. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "हर्षद करायचा तेच ना?"

तेच. दादा, तू ड्रायव्हरमध्ये केलेला तो बदल, तुझाच पॅच, मी काढून बसले आहे. तो मागे घेतला गेला, तरी ड्रायव्हर सगळ्यांना खुला असल्यामुळे जुन्या नोंदींत जसाच्या तसा आहे. वाचताना तुझा आवाज ऐकू येतो. इतकं नेटकं मला अजून जमत नाही.

तुझ्या खोलीतली जुनी हार्ड डिस्क जोडून तुझ्या पॅचची चाचणी लावली होती. दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरवर येताना डिस्क अडखळली, आणि नंतर फाइली ताडून पाहिल्या तर एकीचा मजकूर दुसरीत गेलेला. तुझा पॅच चालू असताना त्या पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टांचं झालं होतं तेच. माणसांना पुन्हा रक्त द्यायला बोलवावं लागलं होतं, आणि सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं होतं.

तू तेव्हा म्हणत होतास की मोठं मशीन मध्येच अडकतं, तिथून हे सुरू होतं. कोणी ऐकलं नाही. पुण्यातल्या त्या सर्व्हररूममध्ये पुन्हा कधी ते अडकलं नाही आणि तुला दाखवता आलं नाही. दादा, ते अडकतं. मी इथे, आपल्या घरात, समोर बसून पाहिलं. एवढं तुला कळवायलाच हवं होतं.

बाकीचं अजून बघायचं आहे. एका जागी बसवत नाही. दोनदा जेट्टीवर जाऊन आले, परत आले तर खुर्चीत बसायच्या आधीच पुन्हा चपला घालाव्याशा वाटल्या. घरी ये कधीतरी.

तुझी,
समी


मांडवी
मंगळवार, २७ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

परवा तू आलास. दारात पिशवी घेऊन उभा राहिलास आणि आईला काही सुचेना, तिने तुलाच विचारलं, कोण हवंय. पुणं सोडल्यापासून तू या घरात जेवला नव्हतास. सणावारी बाहेरच्या बाहेर भेटून जायचास, कारण बाबा जो भेटेल त्याला तुझ्यावर कसा अन्याय झाला ते सांगत सुटायचे आणि तुला ते ऐकवायचं नाही.

परवा मात्र तूच त्यांना सांगत होतास. ट्रॉलरचं इंजिन, गिअरबॉक्स, जयगडचे लोक. मग बाबा म्हणाले, "सांगत होतो ना मी, पोराची चूक नव्हती," आणि तू मान खाली घातली नाहीस. हसलास. माझ्याकडे बघून हसलास. मी ताटातली भाकरी मोडत राहिले. तुला वाटलं असेल, हिला कामाचा ताण आहे. जाताना म्हणालास, "समे, तुझ्यामुळे सुटलो." ते ऐकल्यापासून मला घरात थारा नाही. आई म्हणते, पायाला भिंगरी लागली आहे का.

दादा, मागच्या पत्रात लिहिलं ते खरं आहे. पण ते अर्धं आहे. आणि उरलेलं अर्धं मला ते पत्र लिहितानाच ठाऊक होतं.

मोठं मशीन अडकतं हे खरं. पण ते अडकणं म्हणजे नुसता उशीर. उशिराने कोणाचा मजकूर कोणाच्या जागी जात नाही. निरोपाला उत्तर आलं नाही तर ड्रायव्हर तो पुन्हा पाठवतो, आणि उत्तर आलं की कोणत्या निरोपाचं ते शोधतो. तुझ्या पॅचमध्ये ही शोधाशोध फक्त निरोपाच्या नंबरावरून होते. रांग एक होती तोवर ते बरोबर होतं. रांगा अनेक झाल्या आणि प्रत्येक रांगेचे नंबर पहिल्यापासून सुरू झाले. एकाच वेळी दोन रांगांत सतरा नंबर असू शकतो. उत्तर एकाचं, उचललं दुसऱ्याने. रांग कोणती हे बघायला हवं होतं, तिथे एक तुलना राहिली आहे. एरवीच्या वाटेवर तू ती केली आहेस. फक्त पुन्हा पाठवायच्या वाटेवर राहिली, आणि मशीन अडकल्याशिवाय त्या वाटेने कोणी जातच नाही, म्हणून तुझ्या एकाही चाचणीत ती सापडली नाही.

ती तुलना घालून तीच जुनी डिस्क पुन्हा लावली. मुख्य स्विच पाडून पाडून पाहिलं. मजकूर हलला नाही. मी फार वेळ वाट बघितली की हलावा.

तू गेल्यावर बाबांना सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. सरकारी दवाखान्यात दोन खिडक्यांवर दोघांना एकच नंबर मिळाला आणि दुसऱ्याच कोणाच्या गोळ्या त्यांच्या हातात आल्या, ते त्यांनी आठवून सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे चूक त्याचीच."

"एका ओळीची, बाबा."

"ओळीची असो नाहीतर पानाची. त्याला बोलू नकोस. इतक्या वर्षांनी पोरगा घरात जेवला, तुझ्या त्या मशीनसाठी मी त्याला पुन्हा घालवणार नाही."

"पण दुरुस्ती पाठवताना काय चुकलं ते लिहावं लागतं. ते कोणीही वाचू शकतं."

"तो ते सगळं बघायचा बंद झालाय. नाही वाचायचा. गप्प रहा गो."

मी दोन दिवस गप्प राहिले. पण तुझा जुना पॅच कोणीतरी उचलून वापरतं आहे, परवाच एकाने ड्रायव्हरवर काम करणाऱ्यांच्या मेल-यादीवर त्याबद्दल विचारलं. त्याच्या मशीनवर कोणाचे रिपोर्ट असतील मला माहीत नाही. शुक्रवारी मी दुरुस्ती पाठवणार आहे. चूक सांगताना तुझं नाव घालत नाही, 'जुन्या पॅचमध्ये' एवढंच लिहिलं आहे. तुला ते बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे. बाबांना न विचारता लिहिते आहे. पुन्हा जयगडला निघालेल्या चिमामावशीला थांबवून ठेवलंय.

रागावलास तरी चालेल. मला फक्त एवढं बघवेना की तू माझ्याकडे बघून हसतोस आणि मी ताटाकडे बघते.

समीक्षा


मांडवी
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादा,

तू फोन उचलला नाहीस. तिन्ही रविवारी आईने तुझं ताट मांडलं आणि जेवणं झाल्यावर उचललं. मी पत्र पाठवल्याचं बाबांना सांगून टाकलं होतं, तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलत होते. "तिला सांग, चहा झालाय." मी समोरच बसलेली. कामात लक्ष नव्हतं. दर थोड्या वेळाने यादी उघडायची, लोकांनी काय विचारलंय बघायचं, बंद करायची, जिना उतरायचा, पुन्हा चढायचा.

आज सकाळी तुझ्या त्या जुन्या पत्त्यावरून मेल आली. तो पत्ता अजून चालतो हे मला ठाऊक नव्हतं.

मला आधी वाटलं, माझ्यासाठी असेल. पण तू यादीवरच्या सगळ्यांना लिहिलं होतंस, त्या इंग्रजीत, ज्यात ना राग कळतो ना माया. तीन मुद्दे. पहिला, रांगा कमी करताना मी जागा मोकळी करते ती लवकर करते, आधी उरलेले निरोप संपू द्यावेत. बरोबर आहे. माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि ते तसंच गेलं असतं तर आणखी कोणाचं तरी नुकसान झालं असतं. दुसरा, मशीन मुद्दाम अडकवणारी चाचणी सोबत जोडावी, म्हणजे पुढे कोणाला लाईट जायची वाट बघावी लागणार नाही. आणि तिसरा: 'जुन्या पॅचमध्ये' असं मोघम लिहू नये. कोणता पॅच, कोणाचा, ते लिहावं. लेखक हर्षद मयेकर. चूक त्याची आहे.

मी लॅपटॉप घेऊन बाबांकडे गेले. म्हटलं, दादाने लिहिलंय. ते चष्मा शोधायला लागले, तो त्यांच्या डोक्यावरच होता. मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगितलं. तिसरा मुद्दा सांगून झाला. मग म्हणाले, "त्यात त्याचं नाव कुठाय ते दाखव." दाखवलं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि ते अक्षर अक्षर वाचलं. नंतर माझ्याशी, थेट माझ्याशी बोलले: "हे त्याने स्वतःहून लिहिलं? कोणी मागितलं नव्हतं?"

"नाही."

"मग मी काय सांगत फिरत होतो इतकी वर्षं." आणि उठून परसात गेले. मी मागे गेले नाही. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाले, "त्याला म्हणावं, मी आता कोणाला काही सांगणार नाही. तो येऊ दे."

एवढा निरोप होता. त्यात मी काही घातलेलं नाही.

तुझे तिन्ही मुद्दे घेतले. नाव घातलं. चूक ज्याची त्याचं म्हणून एकदा, आणि तपासलं त्याचं म्हणून पुन्हा एकदा. मूळ कामाचा लेखक म्हणून वर तुझं नाव आधीपासून होतंच, ते काढायचा विचार मी कधी केला नव्हता. दुपारी पाठवलं. या वेळी पाठवून झाल्यावर मी खुर्चीतच बसून राहिले.

त्या पानावर तुझ्या नावाखाली जिचं नाव आहे, ती,
समीक्षा