टाचणीवरून शिवलेला झेंडा

नाही मोडली सुई, माय. आधी माह्यं पुरतं ऐकून घे, मधात बोलू नको. जिवंत होती तवा तू मले एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही, आता तरी दे. मी टाचणीवरून मशीन चालवली. एका टाचणीवरून नाही, अख्ख्या झेंड्याच्या टाचण्यांवरून. आणि तो झेंडा आज जयंतीच्या सकाळी विहारासमोर वर गेला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. शिवण अशी सरळ की तूच पाहून गप्प बसली असती.

तुले आठवते का, मी आठवीत होती. मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीशी, म्हणून मशीनच्या तेलाचा वास आणि भाकरीचा वास मले आजही एकच वाटतो. तू पहिल्यांदाच मले कोणाच्या तरी ब्लाउजची बाही जोडायले देते. मी टाचण्या आडव्या लावते आणि पायडल मारते. पहिली टाचणी सुईखालून जाते, काही होत नाही. दुसरी जाते. तिसरीच्या आधी तुहा पिठाचा हात चाकावर येऊन पडतो आणि मशीन जाग्यावर थांबते.

"काढ ती आधी."

"काऊन? दोन गेल्या ना."

"सुई यायच्या आधी टाचणी हातात पायजे."

"पण काऊन?"

"मी सांगून राह्यली ना."

बस. एवढंच तुहं उत्तर. मी समजली, तुले सुई मोडायची भीती. चाकावर पिठाची पाच बोटं उमटली होती, ती मी पुसली नाही, रागानं. तू स्वतः तर टाचणीले हातच लावत नव्हती. दर जयंतीले झेंडा शिवताना दोन दोन दिवस हातानं कच्चा टाका घाले, मग मशीन मारे, आणि मग तो कच्चा दोरा ओढून काढायचं काम माह्यं. मले त्या दोऱ्यांचा इतका कंटाळा होता, की मी तवाच ठरवलं, एक दिवस टाचणीवरूनच शिवून दाखवीन.

तू गेल्यावर झेंडा बाजारातून विकत येत होता. दुपार झाली की त्याची शिवण उसवे. यंदा विहारातल्या बैठकीत काकूनं, आपल्या शेजारच्याच, बुलडाण्याहून नवा आणायचं काढलं. म्हणे, तिच्यासारखा हात आता कोणाचा राह्यला. मी म्हटलं, मी शिवते. काकूनं मले खालून वर पाह्यलं.

"तू व? तू त दिवसभर लिहत बसते. झेंडा का कविता हाय, कुठंबी मोडली तरी चालते?"

सगळ्या बाया हसल्या. मी पण हसली, पण मले ते लागलं. दोनच दिवस हाती होते. फसली असती तर सकाळी खांब रिकामा, आणि लोकं माह्यं नाव नसते घेत, तुहं घेतलं असतं. तिची पोरगी, म्हणाले असते.

आधी तुह्या पद्धतीनंच करून पाह्यलं, खरं सांगते. सॅटिन म्हणजे मासळी आहे, हातात राहतच नाही. एका पट्टीच्या कच्च्या टाक्यात सकाळ गेली आणि पट्टी वाकडी ती वाकडीच. मग टाचण्या खोचलेलं कागदाचं नवं पान फोडलं. आडव्या लावल्या, डोकं बाहेर, मधात चार बोटं जागा. सुई नवी, बारीक. पायडल हळू, आणि टाचणी आली की पाय थांबवून चाक हातानं फिरवायचं. दोनदा सुई टाचणीले घासली, टक्क वाजलं, मी डोळे मिटून मान मागं घेतली. डोळे उघडून पाह्यलं त सुई तशीच उभी. मी एकटीच स्वयंपाकघरात ओरडली, "पाह्य!" तुलेच ओरडली.

शेवटची पट्टी, पाच रंगांचे तुकडे एकाखाली एक, तीही झाली. काकू पाह्यले आली. तिनं शिवण दोन्ही हातांनी ताणली, अशी का जणू तोडायलेच आली. मग म्हणे, "तिच्याच हातची वाटते व." एवढं बोलून ती झेंड्याची घडी करू लागली आणि मी पाणी प्यायच्या बहाण्यानं आत गेली.

आज सकाळी झेंडा वर चढला, वारा आला, सहाही पट्ट्या एका दमात उघडल्या. मी जिंकली, माय. कोणाले काही सांगायची गरजच राह्यली नाही.

त्याच्याखाली उभं राहूनच काकूनं सहज सांगितलं. मी जन्मायच्या आधी तू तिच्या नव्या ब्लाउजात एक टाचणी विसरली होती. पोरगं पाजताना ती त्याच्या गालाले टोचली. काकू कवाच विसरून गेली होती. तू विसरली नाही. तवापासून तू टाचणीच सोडली, म्हणे. म्हणजे तुले सुईची भीती नव्हतीच. सुईच्या आधी काढली की टाचणी हातात येते, वरून शिवली की ती कापडात राहू शकते. हे मले त्या दिवशी सांगितलं असतं त काय झालं असतं? मी ऐकलं असतं. कदाचित.

घरी येऊन टाचण्या परत पानात खोचल्या. एक जागा रिकामी आहे. फरशी झाडली, मशीनखाली चुंबक फिरवलं. नाही.

आता संध्याकाळी झेंडा उतरवतीन, आणि घडी घालायच्या आधी बाया तो एकीकडून एकीकडं देत कपाळाले लावतीन, लेकरांच्याही लावतीन. त्याच्या आधी मले तिथं पोचायचं आहे. शिवला मी, पहिला हात माहाच लागीन, कोणी नाही म्हणणार नाही. हे लिहिलेलं पान मशीनच्या खणात ठेवून राह्यली. सुई मोडली नाही, हे माह्यं खरं आहे आणि खरंच राहीन. तू बोलायले तोंड उघडलं, दिसून राह्यलं मले इथून. पण ऊन उतरलं.

निघाली मी.